बेटांवरची झाडं

प्रस्तावना

हे पुस्तक एका डोंगराबद्दल आहे. त्याचं नाव सूलवेन. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला, सदरलंड परगण्यातल्या ॲसिंट नावाच्या मुलखात तो उभा आहे. उंची ७३१ मीटर, म्हणजे राजगडाच्या निम्म्याहून थोडी जास्त. स्कॉटलंडमधल्या ३००० फुटांवरच्या शिखरांना तिथे 'मन्रो' म्हणतात. अशी २८२ शिखरं आहेत आणि ती एकेक करून खिशात टाकण्यात कित्येकांची हयात जाते. सूलवेन त्या यादीत बसत नाही. उंचीवर डोंगराची पत ठरवणाऱ्यांनी त्याला बाहेर ठेवलं, आणि तरी माणसं त्याच्याकडे जात राहिली.

कारण त्याचा आकार. लॉखिन्व्हर बंदरातून, म्हणजे पश्चिमेकडून पाहिलं तर तो नुसता एक घुमट दिसतो. जुन्या इंग्रज खलाशांना त्यात साखरेची ढेप दिसली. आपल्याकडचा माणूस गुळाची म्हणेल. त्यांच्याही आधी उत्तरेकडून आलेल्या नॉर्स दर्यावर्दींना तो खांब वाटला. खांबाला त्यांच्या भाषेत 'सूला'. गेलिक बोलणाऱ्यांनी त्याला आपल्या भाषेतला डोंगर जोडला आणि सूलवेन झालं. पूर्वेकडून, एल्फिनच्या रस्त्यावरून येताना हाच डोंगर भाल्याचं पातं होतो. आणि उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला गेलात, की कळतं, ही तर दोन किलोमीटर लांबीची अरुंद धार आहे, तीन उंचवट्यांची, पालथ्या घातलेल्या होडीसारखी. एकाच डोंगराची तीन चित्रं काढून दाखवली तर अनोळखी माणूस तीन डोंगर मोजेल.

मला मात्र पहिल्या भेटीत एकही चित्र मिळालं नाही. इन्व्हर्नेसहून अडीच तास गाडी चालवून लॉखिन्व्हरला पोचलो, तेव्हा पाऊस होता. दुसऱ्या दिवशीही पाऊस. घरमालकीणबाईंना विचारलं, डोंगर कुठे आहे? त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका ढगाकडे बोट दाखवलं आणि कपबश्या विसळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला, जूनचा महिना म्हणून अजून चांगलं उजेडात, ढग कमरेपर्यंत खाली उतरला आणि वर तो घुमट नुसताच तरंगत राहिला. पायथा नाही, उतार नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या रात्रीची आहे. मात्र ज्या प्रश्नापायी ते लिहिलं गेलं, तो प्रश्न त्या रात्री पडला नव्हता. तो पुढच्या वर्षी, एका तळ्याच्या काठी पडला. त्याकडे येतो. आधी खडक.

सूलवेनच्या पायाशी जो दगड आहे त्याला लुइशियन नाइस म्हणतात. आपल्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव पट्टिताश्म. राखाडी, त्यात फिकट आणि गडद पट्टे पिळवटून गेलेले. त्याचं वय ३०० कोटी वर्षांपर्यंत जातं. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. इतका जुना दगड आपल्याकडे पाहायचा तर सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात नाहीतर भंडारा-गोंदियाकडे जावं लागेल. या नाइसमध्ये पाणी मुरत नाही. हिमयुगातल्या बर्फाने तो खरवडून टाकला, खोलगट जागी तळी साचली, उरलेल्या जागी टेंगळं राहिली. टेंगूळ म्हणजे गेलिकमध्ये 'क्नॉक', छोटं तळं म्हणजे 'लॉखन'. या दोन शब्दांत ॲसिंटचा सगळा सखल प्रदेश येतो. नकाशावर तो देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखा दिसतो.

आणि या राखाडी जमिनीवर अचानक तांबूस वालुकाश्माचा डोंगर. थर जवळजवळ आडवे, वीटकाम करावं तसे. हा टॉरिडोनियन वालुकाश्म. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली ही वाळू आहे. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही उगवलेलं नव्हतं. मुळं नाहीत, म्हणजे काठ धरून ठेवणारं कोणी नाही; त्या नद्या वाट फुटेल तशा पसरत, वाळू टाकत, पात्र बदलत. साचता साचता त्या वाळूची जाडी काही किलोमीटर झाली. मग ऊन-पाऊस आणि शेवटी बर्फ यांनी ती बहुतेक सगळी वाहून नेली. सूलवेन, शेजारचा कॅनिस्प, दक्षिणेचे कूल मोर आणि स्टॅक पॉली, उत्तरेचा कुन्याग हे त्यातले राहून गेलेले तुकडे. डोंगर उभा राहिला, असं आपण सवयीने म्हणतो. सूलवेन उभा राहिलेला नाही. भोवतीचं सगळं गेलं आणि हा मागे उरला.

राखाडी आणि तांबडा दगड जिथे एकमेकांना टेकतात, तिथे दोन्हींवर एकदम तळहात ठेवता येतो. मी ठेवला आहे. मधल्या त्या रेषेत जवळजवळ २०० कोटी वर्षं गडप झालेली आहेत. प्राणिसृष्टीचा आजवरचा सगळा इतिहास त्या फटीत तीनदा मावेल. एवढं कळल्यावर माणूस गंभीर व्हायला हवा. मला मात्र त्या क्षणी पायमोज्यात शिरलेल्या पाण्याचीच जास्त चिंता होती.

दक्षिणेला थोड्या अंतरावर नॉकनचा कडा आहे. तिथे जुना खडक वर आणि नवा खाली अशी उलटी उतरंड दिसते. एकोणिसाव्या शतकात यावरून ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञांत कडाक्याचं भांडण झालं. सर रॉडरिक मर्चिसन यांच्यासारख्या वजनदार माणसाने थर जसे दिसतात तसेच साचले असं ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्याविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. बेन पीच आणि जॉन हॉर्न या सरकारी सर्वेक्षकांनी हा सगळा प्रदेश पायाखाली घातला आणि दाखवून दिलं, की जुन्या खडकाचा प्रचंड पापुद्रा आडवा सरकत नव्या खडकावर चढून बसला आहे. त्यांचा अहवाल १९०७ साली छापून झाला. इंचनाडॅम्फला तळ्याकाठी दोघांचं स्मारक आहे. भांडण जिंकलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांचं स्मारक मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. या प्रकरणावर पुस्तकात आणखी आहे; ज्यांना दगडांत रस नाही त्यांनी ते खुशाल ओलांडावं.

आता जिवंत गोष्टी. नाइस आणि वालुकाश्म दोन्ही दगड कंजूष. झाडाला देण्यासारखं त्यांच्यात फार नाही. वर पाऊस बारमाही. पाणी हटत नाही, मेलेलं शेवाळ कुजत नाही, थरावर थर साठून काळपट, ओल्या केकसारखी माती होते. तिला पीट म्हणतात. वाळवून चुलीत घातलं तर जळतं, आणि त्याचा धूर एकदा नाकात गेला की विसरत नाही. या पीटवर हेदर, कापूसगवत, आणि बॉग मर्टल नावाचं झुडूप, ज्याचं पान चुरडलं तर उदबत्तीच्या कारखान्याशेजारून गेल्यासारखं वाटतं. पायाशी वाकून पाहिलंत तर लाल केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवणारं 'दवबिंदू' हे रोप. कासच्या पठारावर पावसाळ्यात ज्यांनी गुडघे टेकून दवबिंदू पाहिलं असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. जात वेगळी, पण पोटाचं गणित तेच. खाली दगड आणि पाणी, नत्राची चणचण, म्हणून किडे पकडून खायचे.

किड्यांना तोटा नाही. 'मिज' नावाची एक माशी आहे, चिलटापेक्षा लहान. वारा पडला, हवा दमट झाली, की ढगाने येते. चावते ती मादी. उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरांत जाणाऱ्याला अस्वलाची भीती नाही, लांडग्याची नाही. त्याचा दिवस वाया घालवते ती ही माशी. पर्यटनाच्या पत्रकांत हिचं छायाचित्र नसतं.

पक्षी ऐकायचे तर मे महिन्यात, नाइसच्या त्या तळ्याटेंगळांच्या मुलखात. हिरव्या पायांचा टिलवा तिथे घरटं घालतो. हिवाळ्यात आपल्या खाडीकिनाऱ्यांवर आणि धरणांच्या फुगवट्यांवर हाच टिलवा येतो, तीन स्वरांची शीळ घालून उडतो. आपल्याकडे येणारे ते सायबेरियाकडचे, स्कॉटलंडचे आफ्रिकेच्या दिशेला जातात. पण शीळ तीच. डेस्मंड नेदरसोल-थॉम्प्सन या पक्षिनिरीक्षकाने सदरलंडमध्ये या एकाच पक्ष्यामागे वर्षानुवर्षं घालवली. घरटं उघड्यावर, दगडाशेजारी, आणि तरी सापडता सापडत नाही. मी एकदाच पाहिलं, तेही मादी माझ्या बुटापासून हातभर अंतरावरून उडाली म्हणून.

मोठ्या तळ्यांवर काळ्या गळ्याचा डायव्हर असतो. त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. म्हणून घरटं अगदी पाण्याला लागून. पाणी वीतभर चढलं की अंडी गेली. स्कॉटलंडमध्ये काही तळ्यांवर त्यांच्यासाठी तराफे बांधून सोडतात. पाण्याबरोबर घरटंही वर-खाली होतं. उंच माथ्यांवर टार्मिगन, जो ऋतूप्रमाणे पिसं बदलत हिवाळ्यात पांढरा होतो. कड्यांवर डोमकावळे. त्यांच्याही वर, दिसलाच तर, सोनेरी गरुड. समुद्राकडच्या बाजूला पांढऱ्या शेपटीचा सागरी गरुड आता पुन्हा दिसतो. 'पुन्हा' म्हणायचं कारण, ब्रिटनमधला शेवटचा १९१८ साली शेटलंडमध्ये बंदुकीने मारला गेला. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, तेव्हा कुठे ही जात परतली.

आणि लाल हरणं. ऑक्टोबरमध्ये नरांचा हंबरडा दरीभर घुमतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी समजलो, कुणाचा तरी बैल चिखलात रुतला आहे.

ही अशी यादी वाचून वाचकाच्या मनात 'अस्पर्श निसर्ग' असे शब्द आले असतील. इंग्रजी प्रवासपुस्तकं ते शब्द मुक्तहस्ताने वापरतात. पहिल्या वर्षी मीही वापरले. माझ्या वहीत आहेत. पुढच्या वर्षी मी सूलवेनच्या दक्षिणेला शनास्केग नावाच्या मोठ्या तळ्याकाठी डबा खात बसलो होतो. काठ उघडा. नजर पोचेल तिथवर गवत, हेदर, दगड. आणि तळ्यातल्या बेटांवर झाडं. भूर्ज, रोवन, दाटीवाटीने. माती तीच, पाऊस तोच, वारा उलट जास्तच. मग काठावर का नाहीत?

उत्तर साधं आहे. बेटावर चरणारं तोंड सहजी पोचत नाही.

एकदा हे दिसलं की ॲसिंटभर तेच दिसतं. कड्याच्या खोबणीत एकटा रोवन, ओढ्याच्या घळीत चार भूर्ज, कुंपण घातलेल्या तुकड्यात कोवळं रान, आणि कुंपणाबाहेर मैलोन्‌मैल काही नाही. रोपं उगवतात, हेदरच्या वर डोकं काढलं की खुडली जातात. लांडगा गेला त्याला तीनेकशे वर्षं झाली. इंचनाडॅम्फच्या चुनखडीतल्या गुहांत पीच आणि हॉर्न यांना अस्वल आणि रेनडियर यांची हाडं मिळाली होती. लिंक्सचीही तिथे मिळाली आहेत. हरणाला खाणारं कोणी उरलं नाही, आणि हरीण वाढवणाऱ्याला बक्षीस होतं. शिकारीसाठी राखलेल्या अशा मुलखाला तिथे 'डिअर फॉरेस्ट' म्हणतात. हरणांचं अरण्य! एक झाड नसलेलं अरण्य मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मात्र सगळं खापर हरणांच्या माथी फोडू नये. पीटच्या खाली पाइनचे बुंधे सापडतात, हजारो वर्षं जुने. हवामान ओलं होत गेलं तसं ते रान आपोआपही मागे हटलं होतं. त्यानंतर माणसांनी तोडलं, जाळलं, गुरं चारली. पण गेल्या दोनशे वर्षांत जे झालं ते निराळं, कारण त्यात झाडांच्या आधी माणसं गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सदरलंडच्या जमीनदार घराण्याने आतल्या दऱ्यांमधली गावं रिकामी केली. तिथे मेंढ्या ठेवल्या तर खंडापेक्षा जास्त पैसा होता. इतिहासात याला 'क्लिअरन्सेस' म्हणतात; शेत साफ करावं तसा शब्द. ॲसिंटमधली कुटुंबं समुद्राकाठच्या खडकाळ पट्ट्यांवर आणून बसवली, मासे धरा आणि मिळेल तेवढी जमीन कसा म्हणून. कित्येक जहाजात बसून कॅनडाला गेली. पुढे मेंढ्यांचा भाव पडला, मग हरणं आणि बंदुका आल्या. दरीत भिंतींचे पाय अजून दिसतात. गवत जिथे जरा जास्त हिरवं आहे तिथे एकेकाळी शेत होतं, कारण तिथे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या समुद्री शेवाळ आणि शेण वाहून घातलेलं आहे. पाहुण्याला ती हिरवळ डबा खायला बरी वाटते.

म्हणजे दगड ३०० कोटी वर्षांचा, आणि त्यावरचं हे ओसाडपण जेमतेम दोनशे वर्षांचं. लोक दोन्हींना एकच समजतात. माझं सगळं पुस्तक त्या गैरसमजाशी भांडण आहे.

हे भांडण माझ्याआधी तिथल्या लोकांनी केलं, आणि नुसत्या शब्दांनी नाही. १९९२ साली ॲसिंटच्या उत्तर किनाऱ्यावरची इस्टेट विक्रीला निघाली. विक्रीपत्रकात तिचं वर्णन निर्जन रान म्हणून केलेलं होतं. त्या रानात क्रॉफ्टर राहत होते! क्रॉफ्टर म्हणजे छोट्या पट्टीवर कुळकायद्याने बसलेला शेतकरी. तो कायदा १८८६ चा. वाड्यावाड्यांतले हे क्रॉफ्टर एकत्र आले, वर्गणी काढली, जगभर पसरलेल्या आपल्या माणसांना हाक घातली, आणि तीन लाख पौंडांना २१,००० एकर विकत घेतले. फेब्रुवारी १९९३ पासून जमीन त्यांची. ज्यांना आतून हाकलून किनाऱ्यावर टाकलं, त्यांच्या वारसांनी किनारा घेतला. डोंगर अजून राहिला होता. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्यानंतर २००५ साली ॲसिंट फाउंडेशन या स्थानिकांच्या संस्थेने ग्लेनकॅनिस्प आणि ड्रमरूनी या दोन इस्टेटी घेतल्या, ४४,००० एकर. सूलवेन त्यात आहे.

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. हरणं किती मारायची, यावर सरकारी निसर्गसंस्था आणि स्थानिक यांच्यात पुढे चांगलंच वाजलं. शिकारीच्या मोसमावर काही घरांची चूल चालते. झाडं हवीत म्हणणारेही तिथलेच. दोन्ही बाजूंशी मी बोललो आहे, आणि माझा कल झाडांकडे आहे हे सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना वाचक सावध राहील.

चढाईबद्दल थोडं. लॉखिन्व्हरहून जाऊन-येऊन २० किलोमीटर, आठ-नऊ तास. निम्मं अंतर डोंगर नुसता समोर दिसत राहतो, जवळ येत नाही. मग ओला, भुसभुशीत चढ आणि शेवटी आपल्याकडच्या नाळेसारखी उभी, घसरट घळ. ती ज्या खिंडीत निघते तिचं नाव ब्यालाख मोर. हे वाचून आपण पिसारा डोळ्यांपुढे आणू नये. गेलिकमध्ये 'मोर' म्हणजे मोठा. खिंडीपासून डावी-उजवीकडे सरळ तुटलेले कडे, आणि तिथेच, धारेवर आडवी, चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत. कमरेहून उंच, नीट सांधलेली. कुणीतरी एकेक दगड उचलून, पावसात, पगारावर ती रचली आहे. मेंढ्यांसाठी की हरणांसाठी, यावर खानावळीत रात्री वाद घालता येतो. अस्पर्श निसर्गाच्या अगदी माथ्यावर ही भिंत आहे, एवढं मला पुरे.

त्यापुढे काश्त्याल लीआ, 'राखाडी किल्ला', हे सर्वोच्च टोक. एवढ्या कड्यांवर चढून पाहावं तर वर सपाट हिरवळ. क्रिकेटचा डाव मांडता येईल. चेंडू आणायला मात्र कोणी जाणार नाही.

कवी नॉर्मन मॅककेग दरवर्षी उन्हाळ्यात एडिंबराहून इथे येत. या मुलखाची खरी मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांनी जमीनसुधारणा कायद्याच्या पुष्कळ आधी कवितेतून विचारला होता. आणि २०१७ साली 'ईडी' नावाचा चित्रपट आला, म्हातारपणी सूलवेन चढायला निघालेल्या बाईचा. त्यासाठी शीला हॅनकॉक ही अभिनेत्री वयाची ऐंशी पार केल्यावर खरोखर माथ्यावर गेली. चित्रपटामुळे पावलं वाढली. सुदैवाने वाटेचा चिखल झालेला पट्टा त्याच सुमारास दगड बसवून दुरुस्त केला गेला. आता गुडघाभर रुतायला होत नाही, याची हळहळ करणारे जुने लोक मला भेटले. मला हळहळ नाही.

गेलिक नावांबद्दल शेवटी सांगतो. ती लिहिली जातात एक आणि उच्चारली जातात भलतीच. लॉखिन्व्हरच्या एका निवृत्त टपालवाल्याने मला ती परत परत म्हणून दाखवली आणि मी ती देवनागरीत जशी ऐकली तशी लिहिली. 'लॉख'मधला 'ख' आपल्याला सहज जमतो, इंग्रजांना जमत नाही. त्या वृद्ध गृहस्थांना याचा फार आनंद झाला होता. तरी चुका राहिल्या असतील. ज्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, त्यांनी त्या जरूर कळवाव्यात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन. नकाशा पुस्तकाच्या अखेरीस आहे. त्यावर तळ्यांतली बेटं हिरव्या रंगात दाखवली आहेत; ती आधी पाहून घ्या, मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.